पाठ झाला

"बाई, हे बघा," गणिताच्या सरांनी आठवीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "एकतीस पोरं, आणि एकतीसच्या एकतीस एकाच जागी गारद."

चौथीच्या बाईंनी चष्मा चढवला. क्ष छेद तीन अधिक क्ष छेद चार. पोरांनी वरचे वर, खालचे खाली मिळवून दोन क्ष छेद सात करून टाकलं होतं. सगळ्यांनी, अगदी ठरवून केल्यासारखं.

"छेद म्हणजे काय, हेच यांना ठाऊक नाही," सर म्हणाले. "पाचवीवाल्यांना वाटलं, चौथीत झालंय. सहावीवाल्यांना वाटलं, पाचवीत झालंय. सगळे बिनधास्त पुढचं शिकवत सुटले. आता मी समीकरणं शिकवतो, म्हणजे भिंतीशी बोलतो. ही तुकडी चौथीत कुणाकडे होती हो?"

सर या शाळेत नवे होते, त्यांना खरंच माहीत नव्हतं. बाईंना मात्र पक्कं ठाऊक होतं. त्या वर्षी शेवटचे दोन महिने त्यांचे यजमान इस्पितळात होते. बाई फळ्यावर काहीबाही लिहायच्या आणि घंटा झाली की धावत सुटायच्या. यजमान गेले. बाई कामावर परतल्या तेव्हा परीक्षा तोंडावर आली होती. त्यांनी टाचणवहीत लिहून टाकलं, 'अपूर्णांक: पाठ झाला', आणि प्रश्नपत्रिकेतून तो भाग हळूच गाळला. बत्तीस वर्षांच्या नोकरीतली ती एकच लबाडी, पण पोरांबरोबर तीही दरवर्षी इमानेइतबारे पास होत गेली.

"माझ्याकडे होती," बाई म्हणाल्या. "अपूर्णांक मी शिकवलेच नाहीत."

सर म्हणाले, "शनिवारी शाळा सुटल्यावर घ्या तुम्ही. मी पोरांना थांबवतो."

"पण चौथीत तर ही पोरं बत्तीस होती," बाई म्हणाल्या. "एक कुठंय?"

"ती, पोरं जिला बडबडी म्हणतात, तीच ना? सहामाहीत गणितात चार गुण पडले. तेव्हापासून येत नाही."

बाई तडक तिच्या घरी गेल्या. जिना चढताना दम लागला, तरी थांबल्या नाहीत. बडबडी आईच्या शिलाई मशीनवर बसली होती. वर्गात जिची जीभ टाळ्याला लागत नसे, ती पोरगी बाईंना बघून नुसतीच उभी राहिली.

"शाळेत ये गं. मी शिकवते तुला."

"नको बाई. मला गणिताचं डोकंच नाही."

"आहे! चूक माझी आहे. मी त्या वर्षी तो पाठ घेतलाच नाही. खोटं लिहिलं मी वहीत."

बडबडीचे डोळे भरून आले. क्षणभर बाईंना वाटलं, पोरीला पटलं.

"तुम्ही नाही बदललात बाई," ती म्हणाली. "तेव्हाही आमचा पेपर कोरा राहिला की म्हणायचात, मीच अवघड काढला."

"अगं, शपथेवर सांगते!"

"असू दे बाई. माझ्यासाठी कशाला स्वतःवर घेता?"

आईनेही मान हलवली. "तुमच्यासारखी माया कोण करतं हो आजकाल? पण हिच्या नशिबातच नाही, त्याला काय करणार?"

बाईंनी पुन्हा सांगितलं, महिना सांगितला, इस्पितळाचं नाव सांगितलं. त्या जितकं सांगत होत्या तितके मायलेकींचे चेहरे मऊ होत गेले. शेवटी बाईंना हुंदका आवरेना.

जिन्याच्या पायऱ्या मोडक्या होत्या. बडबडीने बाईंचा हात धरला आणि लहान मुलाला उतरवावं तसं, प्रत्येक पायरीवर थांबत, त्यांना खाली आणून सोडलं.