वरची खोली

खुर्ची पुन्हा खिडकीपाशी होती.

बाई दारातच थबकल्या. सकाळी शाळेला निघताना त्यांनी ती स्वतःच्या हातानं टेबलाखाली सरकवली होती. आता ती खिडकीकडे तोंड करून उभी. पर्स खांद्यावरून न काढताच त्यांनी कपाट उघडलं. साड्या, औषधांचा डबा, पासपोर्ट, सगळं जागच्या जागी होतं. त्यामुळे तर संशय जास्तच बळावला. चोर असता तर निदान काहीतरी नेलं असतं.

संध्याकाळी फोनवर मुलगा म्हणाला, "आई, कुलूप बदलून टाक. ती मालकीण मला पहिल्यापासून ठीक वाटत नाही."

"तू तिला पाहिलंयस तरी का?"

"तुझ्याच तोंडून ऐकलंय ना सगळं. तिच्याबद्दल एक चांगला शब्द निघाला नाही तुझ्या तोंडून."

तेही खरंच होतं.

उभा जन्म शाळेत घालवून बाई निवृत्त झाल्या होत्या. मुलाकडे टीव्हीसमोर बसून डोकं आंबायला लागलं, तेव्हा एका संस्थेतर्फे वर्षभर परदेशात शिकवायला आल्या. पगार नाही, फक्त खोलीचं भाडं आणि दुपारचं जेवण. 'या वयात हे काय खूळ,' असं सून म्हणाली होती. इथल्या लोकांनाही तेच कोडं पडलं होतं. मुख्याध्यापकांनी तर पहिल्याच दिवशी विचारलं, "फुकट शिकवता? आधीच्या शाळेतून काढलं होतं का तुम्हाला?" इथली भाषा तेव्हा बाईंना जेमतेम येत होती. पण लोक आपल्याकडे कसे बघताहेत, ते कळायला भाषा लागत नव्हती.

घरमालकीण खालच्या मजल्यावर एकटीच राहायची. उंच, हाडकुळी, मोजून-मापून बोलणारी. खोली दाखवताना तिनं एकच प्रश्न विचारला होता, "शाळेतल्याच ना? नक्की?" हो म्हटल्यावर मगच किल्ली हातात ठेवली. तेव्हा बाईंना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं.

शेवटी बाईंनी एक युक्ती केली. शाळेत जाताना खिडकीजवळच्या फरशीवर अंगाला लावायची पावडर भुरभुरवली. परत येऊन बघतात तर अख्खी खोली झाडून-पुसून लख्ख! खाली जिन्याशी मालकीण उभी होती.

"पावडर सांडली होती तुमची," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"वास आला," असं म्हणून तिनं दार लावून घेतलं.

वर्गातही एक कोडं होतंच. एका मुलीला बाई मनातल्या मनात टाचणी म्हणायच्या. बारीक, ताठ आणि तोंड उघडलं की टोचणारी. मुलगी हुशार, म्हणून बाईंचा जीव जडला होता. एकदा त्यांनी सहज विचारलं, "तुझं घर कुठे गं?"

"नाही सांगणार. आई म्हणते, घरचं काही सांगायचं नाही."

"कुणालाच?"

"तुम्हालाच."

सहामाही सुट्टी लागली. संस्थेतल्या बाकीच्यांनी समुद्रावर जायचा बेत केला. त्यांच्याबरोबर बाईही निघाल्या. मालकिणीनं चारचारदा विचारलं, "किती दिवस? मध्ये नाही ना येणार?" बाईंना ते खटकलं, तरी त्या निघाल्या. अर्ध्या वाटेत बस बंद पडली. तरुण मंडळी रस्त्याकडेला पत्ते कुटत बसली. बाईंना मात्र राहवेना. उलट्या दिशेनं येणारी गाडी मिळाली तशी त्या चढल्या आणि दुपारी घरी पोचल्या.

खोलीचं दार उघडंच होतं. मालकीण खिडकीशी खुर्चीत बसली होती, पाठमोरी. दचकलीसुद्धा नाही.

"पोलिसांना बोलवायचं तर बोलवा," ती म्हणाली. "पण आधी इकडे या."

मागच्या भिंतीपलीकडे एक लहानसं अंगण होतं. तिथं टाचणी दोरीवरच्या उड्या मारत होती.

"माझी नात," मालकीण म्हणाली. "खालून भिंत आड येते. इथून दिसते. भाड्यावाचून माझं भागत नाही, नाहीतर ही खोली मी कुणालाच दिली नसती."

"आणि तिची आई?"

"माझीच मुलगी. बोलत नाही माझ्याशी." मग खिडकीवरची नजर न काढता तिनं विचारलं, "वर्गात कशी आहे ती?"

बाईंना खरं तर तिला चांगलं फैलावर घ्यायचं होतं. पण त्यांच्यातल्या मास्तरणीला विद्यार्थिनीबद्दल विचारलं होतं.

"भांडखोर आहे. वाचते झकास. भागाकार काढला की मात्र पोट दुखतं तिचं."

"तिच्या आईचंही दुखायचं," मालकीण म्हणाली. बाईंनी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

उरलेली सुट्टी खिडकीत गेली. दुपारचा चहा घेऊन मालकीण वर यायची, बाई खाटेवर उशाकडे सरकून तिला जागा करायच्या. तरी मनातला काटा पुरता निघाला नव्हता. एकदा त्यांनी विचारलंच, "मी शाळेतली म्हणूनच खोली दिलीत ना?"

"हो."

"आणि अजून काय काय करून घ्यायचंय माझ्याकडून?"

मालकीण खिडकीकडे वळली. तेवढ्यात पलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या टाचणीच्या आईनं मान वर केली. खिडकीतली दोन डोकी तिला दिसली. तिनं हातातली चादर तशीच बादलीत टाकली, मुलीचं मनगट धरलं आणि आत नेऊन दार लावलं.

शाळा उघडली. टाचणी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग बाईच तिच्या घरी गेल्या. तिची आई शिलाई मशीनवर बसली होती. बाईंना बघूनही तिचे पाय थांबले नाहीत.

"तिनं पाठवलं?"

"नाही. मी आपणहून आले."

"आधीची शिक्षिकाही हेच म्हणायची. त्याच खोलीत राहायची ती. पोरीच्या दप्तरात खाऊ सापडायला लागला. मग स्वेटर. मग पोरगी मला विचारते, आजीनं तुझं काय वाईट केलं गं? तुम्ही अजून कुठवर पोचलात?"

"मी तुमच्या मुलीला एका शब्दानं काही बोलले नाही."

"पण तिथं जाऊन सांगितलंत ना?"

मशीन थांबली.

"ही पोटात होती. नवऱ्यानं हात मोडला होता माझा. आईकडे आले. तिनं जेवू घातलं, हात बांधून दिला. संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहिला, तर माझी पिशवी तिनं स्वतः त्याच्या हातात दिली." तिनं सुईतला दोरा तोडला. "तुम्ही वाईट नसाल, बाई. पण त्या खोलीत राहताय तोवर माझी मुलगी तुमच्या वर्गात बसणार नाही."

बाईंनी घरी येऊन ती शेवटची अट तेवढी सांगितली. मालकीण कपड्यांच्या घड्या घालत होती.

"खोली रिकामी करा," ती म्हणाली.

"मी समजावून बघते तिला. थोडे दिवस गेले की..."

"समजावू नका!" तिचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "मी एकदा समजावलंय तिला."

हातातली घडी बाजूला ठेवून ती म्हणाली, "आजच जा. उजेड आहे तोवर. तिला दिसलं पाहिजे."

बाईंची बॅग तिनं स्वतः जिन्यावरून खाली आणली आणि मागच्या गल्लीनं, त्या अंगणासमोरून, ओढत नेली. एकदाही मान वळवून पाहिलं नाही.

शाळेमागच्या खेळाच्या सामानाच्या खोलीत बाईंची सोय झाली. सोमवारी टाचणी हजर. पहिल्या बाकावर बसत तिनं विचारलं, "भागाकार झाला शिकवून?"

"नाही. तुझ्यासाठीच थांबलाय."

"अरे देवा!" टाचणीनं कपाळ बाकावर टेकलं.

बाजारात एकदा मालकीण समोरून आली. 'हजर आहे हो ती, रोज येते,' एवढंच बाईंना सांगायचं होतं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली, अनोळखी माणसासारखी. बाईंना लागलं. मग भाजीवालीपासून शिंप्यापर्यंत सगळे आपल्याकडेच बघताहेत, कुणीही जाऊन तिच्या मुलीला सांगेल, हे लक्षात आलं आणि त्याही पिशवी सावरून आपल्या वाटेला लागल्या.

काही दिवसांनी त्या घरावरून जायचा प्रसंग आला. फाटकाला पाटी लावली होती. खोली भाड्याने देणे आहे. त्याखाली लाल रंगात, जरा ठळक अक्षरांत लिहिलं होतं :

शाळेतल्या माणसांनी चौकशी करू नये.