पांढरा दाणा

नेब्रास्कातल्या हॉलोबेंड गावात तोंडावर वाईट कुणी बोलत नाही. चर्चच्या जेवणाला कुणी आणलेला पदार्थ घशाखाली उतरेना, तर बायका म्हणतात, "वेगळा झालाय हं!" करणारी समजते, आणि पुढच्या खेपेला दुकानातले पाव घेऊन येते.

ऑर्व्हिल श्टुट्समनचा सगळा जन्म याच गावात गेला होता. त्याच्या बापाची मक्याच्या लाह्यांची गाडी कोर्टासमोरच्या चौकात उभी असे. लाल चाकं, काचेची पेटी, आत तांब्याचं भांडं. चौकातली दुकानं हमरस्त्यावर गेली, थिएटर बंद पडलं, गाडी तेवढी उरली. आता गावच्या कौन्सिलनं ठरवलं होतं की शनिवारी बँडच्या कार्यक्रमात गाडीला पुन्हा पुन्हा येणारं गिऱ्हाईक दिसलं तर ती चौकात राहील, नाहीतर जिल्ह्याच्या संग्रहालयात जाईल.

ऑर्व्हिल सामान जमवायला लागला. मीठ त्यानं पिठासारखं दळून घेतलं, कारण जाडं मीठ लाहीवर थांबत नाही. पिशव्या बापाच्या वेळच्या, लाल पट्ट्यांच्या. अडलं ते दाण्यापाशी आणि तेलापाशी.

"पिवळा दाणा घे, आणि ते रंगवलेलं तेल," थोरली बहीण मेव्हिस म्हणाली. "लोकांना पिवळं दिसलं म्हणजे लोणी खाल्ल्यासारखं वाटतं."

"बाबा पांढरा बारीक दाणा वापरायचे. आणि साधं खोबरेल."

"बाबांची गिऱ्हाइकं आता टेकडीवरच्या दफनभूमीत आहेत. त्यांच्यासाठी भाजणार आहेस का?"

"तुला चव कळत नाही, मेव्हिस."

"मला माणसं कळतात. तू आपला दाणे निवड."

पांढरा दाणा आता कुणी पेरत नव्हतं. सगळीकडे गुरांचा मका. शेवटी एका म्हाताऱ्याच्या कोठारात थोडा मिळाला, पण वाळून खडखडीत झालेला. आत ओल नसेल तर दाणा फुटत नाही, नुसता करपतो. ऑर्व्हिलनं तो बरण्यांत भरला, चमचा चमचा पाणी घातलं आणि येता-जाता बरण्या हलवत राहिला. मेव्हिस म्हणाली, "पोरांना कधी इतकं जोजवलं नाहीस."

शनिवारी दाणे असे फुटले की बँडचा ढोलवालासुद्धा वळून बघायला लागला. पांढऱ्याशुभ्र, बारीक, दातात न अडकणाऱ्या लाह्या. अगदी बापाच्या हातच्या. रांग लागली. ऑर्व्हिलचे कान लाल झाले.

कौन्सिलचा अध्यक्ष लाइल बेनिंग पुढे आला. त्यानं चार लाह्या तोंडात टाकल्या, सावकाश चावल्या.

"ऑर्व्हिल, हे... वेगळंच आहे बुवा."

मागच्या बाईनं मान हलवली. "हो ना, वेगळं आहे!"

मग जो तो तेच म्हणत गेला, हसून, पाठीवर थाप मारून. प्रत्येकानं एक पिशवी घेतली, दुसरीला कुणी आलं नाही. कार्यक्रम संपल्यावर ऑर्व्हिल कचऱ्याच्या पिंपापाशी गेला. आत पिशव्या भरलेल्याच होत्या. वरची टोकं नीट दुमडलेली, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको.

मेव्हिस शेजारी येऊन उभी राहिली. तिला बोलायला पुष्कळ होतं.

"पिवळे घेतले असते तर?" त्यानंच विचारलं.

"तर पिवळे असते पिंपात," ती म्हणाली. "चल घरी."

संग्रहालयाची माणसं गाडी न्यायला आली तेव्हा त्यांच्यातली बाई फार अदबीनं बोलली. गाडी काचेमागे राहील, दिवा लागेल, भांडं मात्र तापणार नाही. काचेच्या पेटीत भरायला त्यांच्याकडे प्लॅस्टिकच्या लाह्या होत्या. तिनं दोन नमुने त्याच्या तळहातावर ठेवले.

"तुम्हीच निवडा, मिस्टर श्टुट्समन. पिवळ्या की पांढऱ्या?"

ऑर्व्हिलनं दोन्ही उजेडात धरल्या. सवयीनं पांढरी दातांखाली घालून पाहिली.

"पिवळ्या टाका," तो म्हणाला. "लोकांना पिवळं लागतं."