पाटावरची पेडलं

आचलने पाटावरची वीणा चार बोटं उजवीकडे सरकवली आणि मोकळ्या झालेल्या जागेत लोखंडी पेडलांची जोडी ठेवली.

मैनाबाईंच्या हातातलं झेंडूचं फूल हातातच राहिलं.

"काय करून राहिली वं? पायानं तुडवाची वस्तू ते. देवापाशी ठेवतेत का?"

"आज खंडेनवमी हाय ना, माय? बाबाची वीणा मांडली, तुही विळी मांडली. माहं अवजार हे."

सूर्यभान महाराज फेट्याला शेवटचा पीळ देत बाहेर आले. पातूर-बाळापूरपर्यंत त्यांच्या कीर्तनाला माणसं लोटत. दोन-दोन तास उभं राहून ते माणसांना रडवत, हसवत. लेक त्यांच्याच वळणाची निघाली होती. एकदा उभी राहिली की बसायचं नाव नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या एका प्रशिक्षण केंद्रात तिची परीक्षा होती. हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यापुढच्या खोट्या कॉकपिटमध्ये, शिकवणाऱ्याची नोकरी. लहानपणी ऑटो उलटून तिचा डावा पाय दोन इंच आखूड राहिला होता. केंद्राने कळवलं होतं, पेडलं जमत नसतील तर मूठ पिळून चालवायची काठी मिळेल. निकालावर तशी नोंद होईल. तिने उलट कळवलं, माझी पेडलं मी आणते.

आधी प्लास्टिकची आणली, तर ती इतकी जवळजवळ की गुडघ्याला गुडघा लागे. मग ही रुंद, जुनी जोडी घेतली. पण ती विमानासाठी केलेली. पाय सैल सोडला की स्प्रिंग पेडलाला ओढून मधोमध आणी. हेलिकॉप्टरमध्ये पायाने जिथे ठेवलं तिथेच पेडल राहावं लागतं. तिने स्प्रिंगच काढून टाकली. मग ते नुसतं डुलायला लागलं. शेवटी सांध्यात सायकलच्या ब्रेकचं रबर घासून बसवलं, आणि डाव्या पेडलावर सागाचा दोन इंची ठोकळा. तीन रविवार त्यात गेले.

"हातानं होते म्हणतात," महाराज म्हणाले, "मंग पायाचा हट्ट कावून? लोकायले तमाशा दाखवाले?"

"दोन्ही हात आधीच गुंतले राहतात, बाबा. हेलिकॉप्टरचं नाक फिरवाचं ते पायानंच. उद्या शिकवाले बसली अन् पोरं म्हणाली, बाईले सोताले पायानं येत नाई, तं मी काय सांगू?"

महाराजांनी करंडा उघडला. वीणेला कुंकू लावलं, चिपळ्यांना लावलं, विळीला लावलं. पेडलांपाशी बोट थांबलं आणि करंड्याचं झाकण लागलं.

आचलने ते उघडलं. दोन्ही पेडलांवर स्वतःची बोटं उमटवली.

"ठेवलंच हाय तं आता दसऱ्यापर्यंत हलवाचं नाई," ते शांतपणे म्हणाले. "पूजेतल्या अवजाराले सुटी असते."

म्हणजे सरावाचे उरलेले दोन्ही दिवस गेले. पाटावरची जागा तिनेच मागितली होती.

संध्याकाळी देवीच्या देवळात कीर्तन होतं. महाराजांनी पाटापुढे हात जोडले आणि दर नवमीसारखी वीणा उचलून गळ्यात घातली. चिपळ्या घेतल्या. वळले, तर लेक समोर उभी.

तिने वीणेकडे पाहिलं, वडलांकडे पाहिलं, खाली वाकली आणि पेडलं उचलली.

"वो माय, पूजेतलं हाय ते," मैनाबाई कळवळल्या. "अवो, तुमी तरी सांगा तिले."

बाहेर देवळाचा ऑटोवाला हॉर्न देत होता. आतल्या खोलीत आचलने पेडलं टेबलाखाली ठेवली, खुर्ची ओढली, संगणकाचा पडदा सुरू केला. महाराज उंबऱ्यापर्यंत गेले, थांबले आणि मागे आले.

खांद्यावरचं पांढरं, इस्तरी केलेलं उपरणं काढून त्यांनी तिच्या मांडीवर टाकलं.

"कुंकू पुसून घे आधी," ते म्हणाले. "पाय घसरन."