बरणीत भरलेला कप

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. आज माझे तुकडे झालेत, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा माझा तोरा अजून गेलेला नाही.

वाळू वितळवून मला घडवलं. जॅम घेऊन मी एका आजोबांच्या घरात आले. जॅम नातवाने फस्त केला, मग सूनबाईंनी मला घासूनपुसून माझ्यात साखर भरली. "हिच्यात साखरेला ओल धरत नाही," असं त्या म्हणत, तेव्हा मी फुलून जायची. पुढे प्लॅस्टिकचे एकसारखे डबे आले आणि माझी रवानगी मोरीखालच्या अंधारात झाली. फार वाईट वाटलं.

एके दिवशी आजोबांच्या हातून चहाचा कप फुटला. आजोबा मोठे मायाळू. कचरा निवडणाऱ्या बाईचा हात कापू नये म्हणून त्यांनी एकूणएक तुकडा माझ्यात भरला, झाकण घट्ट लावलं आणि मला काच गोळा करायच्या खोक्यात ठेवलं. "दोन्ही फुटतात, म्हणजे भावंडंच की!" असं वर म्हणाले.

इथेच घोळ झाला. कपाची चिनीमाती काचेच्या भट्टीत वितळत नाही. तिचा खडा नव्या बाटलीत राहतो आणि बाटली तिथेच तडकते.

कचरा वर्गीकरण केंद्राच्या सरकत्या पट्ट्यावर एका ताईंनी मला उचललं. झाकण गंजलेलं, काही केल्या हलेना. मुकादम ओरडले, "ताई, टाका ती कचऱ्यात! एका बरणीपायी काम अडवू नका."

माझा जीव टांगणीला लागला. कचऱ्याच्या डोंगरात मी ना कुजले असते, ना कुणाच्या कामी आले असते.

"थांबा हो जरा," ताई म्हणाल्या. "आपला हात कापू नये म्हणून कुणीतरी झाकण लावून दिलंय. इतका विचार कोण करतं आपला?" त्यांनी शेजारणीला हाक मारली. एकीने मला धरलं, दुसरीने झाकण पिळलं. कर्रकन निघालं! तुकडे वेगळ्या पेटीत गेले, झाकण पत्र्यात आणि मी काचेत. मला रडू फुटलं असतं, पण काचेला कुठलं रडू!

आता तुकडे होऊन मी काच कारखान्यात भट्टीशेजारच्या ढिगात आहे. आम्ही जुन्या काचा असलो की भट्टीला आच कमी लागते, नदीकाठची वाळूही कमी उपसावी लागते. फावडं जवळ येतंय. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त उत्सुकता आहे.

आजोबांची माया खोटी नव्हती, फक्त जागा चुकली. फुटका कप जाड कागदात गुंडाळा, वर ठळक अक्षरांत 'फुटका कप' असं लिहा आणि वेगळा द्या. आम्हाला मात्र विसळून, झाकण काढून, अगदी रिकामं द्या. मित्रांनो, आम्हाला नव्या बरण्या होऊन पुन्हा भरायचंय.