डेलमरचं मॅग्नम

गेल्या ऑक्टोबरात माझ्या नवऱ्याने, डेलमरने, सांबरासारख्या एका थोराड एल्क नराला जखमी केलं आणि तो आम्हाला सापडला नाही. दोन दिवस रक्ताचे थेंब हुडकत आम्ही पाइनच्या रानात फिरलो. तिसऱ्या दिवशी बर्फ पडला आणि माग पुसला गेला. बापाची थर्टी-ओ-सिक्स रायफल आता कमी पडते, असं डेलमर म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं. पण मी गप्प बसले.

हरणापासून अस्वलापर्यंत एकच काडतूस चालवायचं तर कोणतं, यावर आमच्या वायोमिंगमध्ये भाऊभाऊ अबोला धरतात. डेलमरने यंदा स्वतःपुरता निकाल लावला आणि थ्री हंड्रेड मॅग्नम रायफल घेऊन आला. काडतुसात दारू जास्त, खांद्याला दणका त्याहून जास्त. घोड्यावरून पडल्यापासून त्याचा उजवा खांदा अधू आहे, पण ते आमच्या घरात बोलायचं नाही. माझ्या छोट्या सेव्हन एम-एम रायफलीला तो पोरींची बंदूक म्हणतो. त्या बंदुकीने मी सहा एल्क घरी आणलेत.

शनिवारी शिकारीचा मोसम उघडणार होता. गुरुवारी आम्ही खडीच्या जुन्या खाणीत नेम धरायला गेलो. तो दुर्बिणीतून निशाणाचा कागद बघत असताना मी त्याची रायफल भरली. सगळ्यांत खाली दारू नसलेलं, नकली काडतूस घातलं, वर दोन खरी. अडतीस वर्षांच्या संसारात मी त्याला असं कधी फसवलं नव्हतं.

दोन बार झाले. दोन्ही कागदाच्या खालून गेले. त्याने खांदा चोळला, वाऱ्याला शिवी दिली आणि तिसऱ्यांदा चाप ओढला.

नुसतं टक्क वाजलं. दणका बसलाच नाही, तरी नळी वीतभर खाली गेली. डेलमरचे डोळे घट्ट मिटलेले होते.

त्याने काडतूस काढून तळहातावर फिरवलं. आता हा माझ्यावर ओरडणार, म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. तो ओरडला नाही.

"दे तुझी पोरींची बंदूक," तो म्हणाला.

त्याने पाच गोळ्या झाडल्या. पाची वाटीएवढ्या जागेत बसल्या, आणि पाची वेळा त्याचे डोळे उघडे होते. मला हायसं वाटलं. वाटलं, निभावलं.

रायफल परत देताना त्याने हळूच विचारलं, "मी दणक्याला बिचकतो, हे तुला कधीपासून माहीत होतं, वर्ना?"

खोटं बोलता आलं असतं. "गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून."

"म्हणजे त्या एल्कच्या आधीपासून."

मी मान डोलावली.

"तरी मला गोळी झाडू दिलीस."

मी त्याचा मान राखत होते. तिकडे ते जनावर गोळी पोटात घेऊन किती दिवस चालत राहिलं असेल, देव जाणे.