उजवा हात रिता

"हात ढिला सोड, सूनबाई," भागाबाई कासारीण तिसऱ्यांदा म्हणाली. साबण लावून डाव्या हातात सात हिरव्या बांगड्या कशाबशा चढल्या होत्या. उजव्यात एकही जाईना. "दिवाळीले सव्वादोनच्या मापाच्या भरल्या होत्या मी. आता अडीचची अडून राहिली!"

"अंगावर भरली माही सून," सासूबाई, सिंधुताई, जमलेल्या बायकांकडे बघून फुलल्या. "हुडको कॉलनीचं पाणी मानवलं तिले."

डोहाळजेवणाची थट्टा रंगली होती. वसुंधराला हसू आलं नाही. सकाळपासून डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. बी.एस्सी. झालेली ती, दर सोमवारी पोटाचा घेर मोजायला नाडी लावून तिथं गाठ मारायची. गेल्या तीन सोमवारच्या गाठी एकीवर एक बसल्या होत्या. हात सुजले, तोंड सुजलं, पोट मात्र होतं तिथंच.

ती उठली.

"अवो, बस! ओटी भरायची हाय अजून. एक हात भरलेला, एक रिता, असं कोणी उठते काय?"

"मले दवाखान्यात जायचं हाय, आई. आत्ता."

"लोक काय म्हणतीन?"

"म्हणू द्या."

देवराव कामाच्या पहिल्या पाळीवरून नुकताच आला होता. बायकोचा चेहरा बघून त्याने स्कूटर काढली.

डॉक्टर कमलिनीबाईंनी रक्तदाब दोनदा मोजला. परीक्षानळीतली लघवी उकळताच दह्यासारखी गोठली; तिच्यातून प्रथिनं जात होती.

"कशाने होतं हे?" वसुंधराने विचारलं.

"रक्तात दाह असतो, असं आता म्हणतात. तो मोजायची सोय इथं नाही. पण वारेतून बाळाला पुरत नाहीये, एवढं दिसतंय. आजच काढावं लागेल."

"सातव्यातलं जगते?"

"बाहेर थोडी आशा आहे. आत तीही नाही. अन् आत ठेवलं तर तुझ्याही जिवाचा भरवसा देता येणार नाही."

संमतीचा कागद देवरावपुढे आला. त्याचा हात थबकला. वसुंधराने पेन घेतलं आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

मुलगी झाली. अकराशे ग्रॅम.

चौथ्या दिवशी सिंधुताई आल्या. काचेच्या पेटीला नाक लावून बराच वेळ बघत राहिल्या. आत नुसता कापूस.

"कोठी हाय वो?" त्यांनी हळूच विचारलं.

वसुंधराने सासूचं बोट धरून काचेवर टेकवलं.

"इथं पाहा, आई. श्वास घेऊन राहिली."