कागदाएवढी फट

"दाराला रंधा मारू नकोस. दार बिचारं काय करेल? आधी खांब बघ."

आमचे हे फाटकातूनच म्हणाले आणि नाममावशींचा मुलगा गी-हून हातातला रंधा तसाच धरून उभा राहिला. मावशींच्या ओसरीवरचं सरकतं दार महिनाभर अडकत होतं. सोलहून रजेवर आलेला गी-हून दाराची कड तासून मोकळा होणार होता. ह्यांनी खिशातून ओळंबा काढून सोडला, एक डोळा बारीक केला. कोपऱ्यातला खांब दोन बोटं खाली बसला होता. त्याच्यामागोमाग तुळई झुकली होती आणि तुळईने दार दाबून धरलं होतं.

मी अंगणात उभी होते. खांब कोणता ते ओळंब्याशिवायही मला कळलं.

तो ह्यांचा पहिला खांब. एक्केचाळीस वर्षांपूर्वी हे घर उभं राहत होतं तेव्हा हे पंचवीस वर्षांचे, थोरल्या सुतारांच्या हाताखाली. आमच्याकडे खांबाखाली नदीतला दगड ठेवतात तो जसा मिळेल तसा, ओबडधोबड. दगड तासायचा नाही, खांबाचा तळ दगडाप्रमाणे कापायचा. बांबूच्या चिमट्याचा एक पाय दगडावरून फिरवायचा, शाईत बुडवलेला दुसरा पाय दगडाचा सगळा उंचसखलपणा खांबावर रेखत जातो. त्या रेघेवर नीट कापलं तर खांब टेकूशिवाय उभा राहतो. मग थोरले सुतार, सरकत्या दारांना काचेच्या जागी चिकटवतात त्या कागदाचा तुकडा घेऊन यायचे. कागद खांबाखाली शिरला की खांब आडवा करा आणि पुन्हा कापा.

ह्यांच्या खांबाखाली कागद शिरला नाही. थोरल्यांनी आपल्या कमरेचा चिमटा काढून ह्यांच्या हातात दिला. तेव्हापासून तो आमच्या घरात खिळ्याला लटकतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्या कागदाची गोष्ट ऐकावी लागते. आमच्या युनाच्या लग्नात व्याह्यांना जेवण वाढायच्या आधी ह्यांनी ती गोष्ट वाढली होती.

कागद का शिरला नाही, ते मला एकटीला ठाऊक होतं.

मी गिलावा करणाऱ्याची मुलगी. त्या घराच्या मातीच्या भिंती बाबांनी आणि मी लिंपल्या. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी अवजारं धुताना बघितलं तर खांबाच्या बोळाकडच्या बाजूला नख जाईल एवढी फट. ह्यांनी तो खांब दोनदा कापून झाला होता. तिसऱ्यांदा कापला असता तर आखूड पडला असता आणि थोरल्यांनी ह्यांना घरी धाडलं असतं. विहिरीच्या ओट्याचं थोडं सिमेंट घमेल्यात उरलं होतं. सिमेंट तेव्हा गावात नवीन होतं, त्याहून भक्कम जगात काही नाही असं आम्हाला वाटायचं. मी ते बोटाने फटीत दाबलं आणि वरून माती चोळली. का, ते सांगायला नको. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं.

"काका, हाच ना तुमचा कागद न शिरणारा खांब?" गी-हूनने खांबाच्या तळाशी बोट खुपसलं. भुसा निघाला. "आता तर ह्यात उंदीर शिरेल."

शहरातल्या कंत्राटदाराने त्याला सांगून ठेवलं होतं, की चारही खांबांचे पाय कापायचे आणि काँक्रीटमध्ये बसवून टाकायचे. ह्यांचा चेहरा लाल झाला. खांदा दुखावल्यापासून तीन वर्षांत ह्यांनी करवत उचलली नव्हती. लोक आता सल्ल्यापुरते बोलवायचे, ओल्या लाकडाला तेल लावू नका, पागोळ्यांखाली खडी टाका, असलं काहीबाही ऐकायला. ह्यांनी आठ दिवस मागितले. गी-हून पुटपुटला, की मी नुसतं विचारायला बोलावलं होतं. शेवटी ऐंशी वर्षांच्या, ह्यांना नावाने हाक मारणाऱ्या नाममावशी ओसरीवरूनच बोलल्या.

"घर अजून माझं आहे. आठ दिवस दू-शिकचे. नाही जमलं तर ओत तुझं काँक्रीट."

दुसऱ्या दिवशी तुळईखाली जॅक आणि टेकू लागले. हे खांबाचा गुडघ्याएवढा कुजका पाय कापत होते आणि मी पाण्याची बादली धरून उभी होते. पाय निघाला. दगडावर सिमेंटची राखाडी कोर तेवढी चिकटून राहिली. ह्यांनी ती उचलली, बादलीत बुडवून धुतली. तिच्यावर ओळीने चार बोटं उमटली होती, चारही एकाच बोटाची, आखूड. माझ्या उजव्या तर्जनीचं पेर लहानपणी विळ्याने गेलंय.

ह्यांनी कोर पाहिली. मग बादलीच्या कडीवरचा माझा हात पाहिला. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

काय सापडलं म्हणून गी-हून वाकला.

"फट राहिली होती," हे म्हणाले. "माझ्या हातून. सिमेंटने फट बुजत नाही बाबा, पाणी कोंडतं. लाकूड भिजलं तरी चालतं, त्याला वाळायला वाट ठेवावी. लक्षात ठेव, पुढे हे घर तुलाच सांभाळायचंय."

कोर त्यांनी खिशात टाकली. एक्केचाळीस वर्षं ज्या खांबाच्या जोरावर हा माणूस छाती काढून चालला, त्याचं खापर त्याने एका वाक्यात स्वतःच्या डोक्यावर घेतलं. फट मी बुजवली होती हे मी तिथे कबूल केलं नाही, त्याची लाज मला अजून वाटते.

घरी आल्यावर त्यांनी खिळ्यावरचा चिमटा काढला आणि पेटीच्या तळाशी, हिवाळी कपड्यांखाली ठेवला. जेवताना मला राहवेना.

"युनाचे बाबा, खांब आखूड पडला असता. तुम्हाला घरी पाठवलं असतं."

"पाठवलंच असतं."

"मग रागवा तरी."

"रागावलोय," सूपचा वाडगा तोंडाला लावत हे म्हणाले. "उद्या सकाळी बांबू तोडायला चल."

नाममावशींच्या घरामागच्या बनातून त्यांनी बांबू निवडला आणि नवा चिमटा केला. आमच्या पडवीत आठ वर्षं वाळत पडलेलं पाइनचं खोड आणलं. त्यातून कापलेल्या पायाएवढा तुकडा काढला, बुंध्याची बाजू खाली, झाड वाढलं तसंच. तळाचा मधला भाग किंचित कोरला, म्हणजे खांब कडेवर टेकतो. मग सुरू झालं बसवणं आणि उचलणं. दगडाला काजळी फासायची, तुकडा ठेवायचा, उचलायचा, जिथे काळं लागलं तिथे पटाशीने केसभर काढायचं. पहिल्या दिवशी सहा वेळा. दुसऱ्या दिवशी किती ते मी मोजलं नाही. संध्याकाळी मी खांदा शेकून द्यायची आणि हे भिंतीकडे तोंड करून बसायचे. सहाव्या दिवशी तुकडा दगडावर ठेवून त्यांनी हात काढून घेतले. तो एकटा उभा राहिला. गी-हूनने बोटाने हळूच ढकलून पाहिलं. हलला नाही. त्या दिवसापासून तो पाणी आणून द्यायला लागला आणि रजा वाढवून घेतल्याचं त्याने आईला उगाच मोठ्याने सांगितलं.

आठव्या दिवशी तळाच्या पोकळीत मीठ आणि कोळसा भरला, म्हणजे कीड लागत नाही. वरच्या जुन्या खांबाशी नव्या लाकडाची खाच बसली. जॅक हळूहळू उतरला, तुळई एकदा कुरकुरली आणि गप्प झाली. नाममावशी उठल्या, त्यांनी एका बोटाने दार सरकवलं. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं.

कुठे फट राहिलीच तर लिंपायला म्हणून मी मातीचं पोतं घेऊन आले होते. ह्यांनी खिशातून दाराच्या कागदाचा तुकडा काढला. मला वाटलं, स्वतः वाकतील. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"तू बघ."

मी गुडघ्यांवर बसले. चारही बाजूंनी कागद घालून पाहिला, बोळाकडून तर पुन्हा पुन्हा. कागद दुमडायचा, आत जायचा नाही. शेवटी मी ते आखूड बोट फिरवून पाहिलं. लाकूड कुठे संपलं आणि दगड कुठे सुरू झाला, ते थंडाव्यावरूनच कळत होतं. इतका अभिमान मला युना जन्मली तेव्हाही वाटला नव्हता. डोळे भरून आले, म्हणून मी उगाच तिथेच रेंगाळले.

"झालं?" हे वरून म्हणाले. "मग बांध ते पोतं. इथं तुला काही काम नाही."

या माणसाकडून इतक्या वर्षांत गोड शब्द मी थोडेच ऐकले. त्यातला हा सगळ्यात गोड.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा हे मागच्या अंगणात करवतीला धार लावत होते. खिळ्यावर दोन चिमटे लटकत होते, थोरल्यांचा काळा पडलेला आणि त्याच्याशेजारी हिरवा. खाली फळीवर, जिथे पाहुण्यांची नजर आधी जाते, तिथे ती सिमेंटची कोर ठेवली होती, बोटांचे ठसे वर करून.